सोलापुरात समुद्र येऊ नये म्हणून: समुद्राचा डेटा ब्राउझरमधून इंटरपोलेट कसा करायचा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एक नकाशा पाठवतं आणि विचारतं "बरोबर आहे ना?" नकाशा दिसायला झकास असतो, निळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग एकमेकांत छान मिसळलेले, फक्त अरबी समुद्राची सॅलिनिटी म्हणजे खारटपणा महाराष्ट्र-तेलंगण ओलांडून सरळ बंगालच्या उपसागरात उतरलेली असते, आणि वर जमिनीचा करडा रंग टाकून ते झाकलेलं असतं. म्हणजे सोलापूरच्या आसपास कुठेतरी समुद्राचं पाणी ३५ सॅलिनिटीचं आहे असं टूलने धरलंय आणि त्याच आकड्यांवरून किनाऱ्यालगतचे रंग काढलेत. करड्या रंगाखाली चूक झाकली जाते, जात नाही.

इंटरपोलेशनची, म्हणजे मोजलेल्या ठिकाणांवरून मधल्या न मोजलेल्या जागा भरायची, टूल वाईट नाहीत, उलट आता इतकी सोपी झालीत की काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये दहा मिनिटांत नकाशा निघतो, आणि लोचा तिथेच आहे कारण त्या दहा मिनिटांच्या आधी जे दोन-तीन तास द्यायला हवेत ते कुणी देत नाही. हा लेख त्या दोन-तीन तासांबद्दल जास्त आणि बटणांबद्दल कमी आहे.

आपण तीन गोष्टी वापरणार आहोत. डेटा आणायला एरडॅप. नकाशा काढायला बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचं दिवा ऑन वेब, हे दिवा म्हणजे ठाण्यापुढचं स्टेशन नव्हे, डेटा इंटरपोलेटिंग व्हेरिएशनल ॲनालिसिस. आणि उभा छेद म्हणजे सेक्शन काढायला जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूटचं वेबओडीव्ही. उदाहरण सगळीकडे एकच घेऊ: डिसेंबर-जानेवारीत भारताच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रात १० मीटर खोलीवरची सॅलिनिटी. शेवटी ऑक्सिजनचा एक सेक्शन.

## १. टूल उघडण्याआधी एक वाक्य लिहा

कागदावर एक वाक्य लिहायचं: कुठली गोष्ट, कुठल्या खोलीवर, कुठल्या महिन्यांत, कुठल्या चौकटीत. आपलं वाक्य असं: "अर्गो फ्लोटांची सॅलिनिटी, ८ ते १२ डेसिबार, डिसेंबर आणि जानेवारी, ५ ते २३ उत्तर आणि ६० ते ९५ पूर्व." अर्गो फ्लोट म्हणजे समुद्रात सोडलेली, आपोआप खाली-वर जात मोजमाप करणारी यंत्रं, आणि डेसिबार हे दाबाचं एकक, इथे १ डेसिबार म्हणजे साधारण १ मीटर खोली.

यात महिना सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. आपल्याकडचा समुद्र मान्सूनवर चालतो, हिवाळ्यात पूर्व किनाऱ्याचा प्रवाह उपसागराचं कमी खारट पाणी दक्षिणेकडे आणतो आणि ते श्रीलंकेला वळसा घालून केरळसमोर अरबी समुद्रात शिरतं, मे महिन्यात हे चित्रच वेगळं असतं. बारा महिन्यांचा डेटा एकत्र ढकलला की जो नकाशा येतो तसा समुद्र वर्षातल्या कुठल्याच दिवशी नसतो.

खोलीचंही तसंच. "पृष्ठभाग" म्हणून ० मीटर मागितलं तर अर्गोकडे ते बहुतेक वेळा नसतंच, कारण बरेच फ्लोट वरच्या पाच-एक मीटरमध्ये पंप बंद करतात म्हणजे वरची घाण सेन्सरमध्ये जात नाही. म्हणून १० मीटर.

> इशारा: अर्गो फ्लोट साधारण १००० मीटरवर तरंगत राहतो, दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जाऊन मोजमाप करत वर येतो. उथळ पाण्यात त्याचं काम नाही. मुंबईसमोर उथळ पट्टी दोनशे-तीनशे किलोमीटर रुंद आहे, तिथे अर्गोचा डेटा जवळजवळ नसतो. तुमचा प्रश्न कोकणच्या किनाऱ्यालगतचा असेल तर इथेच थांबा आणि दुसरा डेटा शोधा.

## २. डेटा मागवणं

एरडॅप हे एक सर्व्हर सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच संस्थांनी ते आपापल्याकडे लावलंय. अर्गोसाठी फ्रान्सच्या इफ्रेमेर या समुद्रसंशोधन संस्थेचा एरडॅप सोयीचा आहे, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचाही आहे. भारताच्या अर्गो फ्लोटांचं डेटा सेंटर इन्कॉइसच आहे.

फॉर्ममध्ये हे कॉलम टिक करा: फ्लोट नंबर, सायकल नंबर (फ्लोटची कितवी फेरी), वेळ, लॅटिट्यूड, लॉन्जिट्यूड, ॲडजस्टेड (म्हणजे दुरुस्त केलेलं) प्रेशर, ॲडजस्टेड सॅलिनिटी, त्या दोन्हींचे क्यूसी फ्लॅग (दर्जाचे शेरे) आणि डेटा मोड, हे चौथ्या पायरीत लागतील. "नंतर लागले तर घेऊ" म्हणून फ्लॅग सोडायचे नाहीत. नंतर कुणीही घेत नाही.

एकदम वीस वर्षांचा डेटा मागू नका, सर्व्हर मध्येच हात वर करतो आणि कधीकधी अर्धवट फाइल हातात येते जी उघडते व्यवस्थित पण शेवटची वर्षं त्यात नसतात. एकेका मोसमाचे तुकडे मागवा. वेळ यूटीसीमध्ये म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते, ३१ जानेवारीच्या रात्रीचं प्रोफाइल (फ्लोटच्या एका फेरीतली खालपासून वरपर्यंतची मोजमापं) भारतीय वेळेने १ फेब्रुवारीला पडलं तर घाबरायचं कारण नाही.

फॉरमॅट निवडताना एक बारीक गोष्ट. साध्या सीएसव्हीत वर दोन ओळी येतात, एक नावांची आणि एक युनिटची, आणि ती दुसरी ओळ पुढच्या टूलला डेटा वाटते. सीएसव्हीपी घेतलं तर युनिट नावाच्या शेजारीच कंसात येतं आणि हेडरची एकच ओळ राहते. डेटा थेट ओडीव्हीत (वेबओडीव्ही ज्याची ब्राउझरमधली आवृत्ती आहे ते मूळ टूल) न्यायचा असेल तर एरडॅपमध्ये ओडीव्ही टेक्स्ट असा वेगळा फॉरमॅटच आहे, तो घ्या, हाताने कॉलम जुळवत बसू नका.

> तपासा: फाइलमधली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख बघा. मागितलं होतं तेवढंच आलंय का?

## ३. फाइल साफ करणं

सगळ्यात कंटाळवाणी पायरी, आणि माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या नकाशांपैकी अर्धे इथेच बिघडलेले असतात.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. दिवा ऑन वेबला आधी लॉन्जिट्यूड, मग लॅटिट्यूड, मग किंमत असे तीन कॉलम लागतात. आपल्याला शाळेपासून आधी अक्षांश म्हणायची सवय. गोव्यासमोरचं १५ उत्तर ७३ पूर्व उलटं पडलं की ते होतं ७३ उत्तर १५ पूर्व, म्हणजे नॉर्वेच्याही वर. गंमत अशी की तिथेही समुद्रच आहे त्यामुळे टूल एक शब्द बोलत नाही.

मिनिटं आणि दशांश. जुन्या क्रूझ रिपोर्टमधून हाताने टाइप केलेल्या डेटात हे हमखास. १५ अंश ५४ मिनिटं म्हणजे १५.९०, पण लोक १५.५४ लिहून मोकळे होतात. फरक ०.३६ अंशाचा, म्हणजे साधारण ४० किलोमीटर. ओळखायची युक्ती: पूर्ण कॉलममध्ये दशांशानंतरचा आकडा कधीच ५९ च्या पुढे जात नसेल तर तो दशांश नाही, मिनिटं आहेत.

नसलेल्या किमती. कुठे -९९९, कुठे -९९९९, अर्गोत ९९९९९. हे आकडे डेटा म्हणून आत गेले की नकाशाचा पूर्ण रंगपट्टा एकाच टोकाला चिकटतो, ते निदान दिसतं तरी. जास्त धोका सरासरीचा, वीस किमतींत एक -९९९ मिसळली की सरासरी पार गाळात जाते आणि सरासरीनंतर तो -९९९ कुठे दिसतही नाही.

देवनागरी आकडे. हसू नका, दोनदा बघितलंय. फोनवर मराठी कीबोर्ड चालू, शीटमध्ये एक किंमत दुरुस्त केली, ती देवनागरीत गेली, आणि टूलने ती ओळ गुपचूप वगळली. फाइलमध्ये आकडे इंग्रजीच हवेत आणि दशांशाला टिंबच हवं, स्वल्पविराम नाही.

एकाच प्रोफाइलचे चार बिंदू. ८ ते १२ डेसिबारमध्ये एका प्रोफाइलची एकापेक्षा जास्त मोजमापं असू शकतात. फ्लोट नंबर आणि सायकल नंबर मिळून एक ओळख धरा आणि पिव्हट टेबलने त्यांची सरासरी घ्या, पण आधी पुढची पायरी, फ्लॅग गाळल्यावरच. क्रम चुकवू नका, वाईट किंमत एकदा सरासरीत विरघळली की परत बाहेर काढता येत नाही.

एकाच जागी घुटमळणारा फ्लोट. काही फ्लोट एखाद्या भोवऱ्यात अडकून महिनोन्‌महिने त्याच भागात फिरतात. त्याची वीस प्रोफाइलं म्हणजे वीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, एकच माणूस वीस वेळा तेच सांगतोय. अर्ध्या अंशाच्या चौकोनात एका मोसमाची एक सरासरी घ्या, नाहीतर तो एकटा आजूबाजूचा सगळा नकाशा आपल्याकडे ओढतो.

## ४. फ्लॅग

क्यूसी फ्लॅग म्हणजे डेटा देणाऱ्याने प्रत्येक किमतीला दिलेला शेरा. अडचण अशी की सगळ्यांची शेऱ्याची भाषा एक नाही, आणि आकडे मात्र तेच.

अर्गोत १ म्हणजे चांगलं, २ म्हणजे बहुतेक चांगलं, ३ बहुतेक वाईट, ४ वाईट, आणि ० म्हणजे तपासणीच झाली नाही. सीडेटानेट या युरोपच्या समुद्र-डेटाच्या जाळ्याचंही जवळपास असंच. पण जहाजावरून बाटल्यांनी घेतलेल्या नमुन्यांसाठी जी वोस पद्धत चालते तिच्यात २ म्हणजे चांगलं, ३ शंकास्पद, आणि १ म्हणजे नमुना घेतला पण विश्लेषण हातात आलेलं नाही. वर्ल्ड ओशन डेटाबेसमध्ये ० म्हणजे स्वीकारलेली किंमत. ओडीव्हीच्या स्वतःच्या पद्धतीत ० चांगलं, १ अज्ञात, ४ शंकास्पद, ८ वाईट.

आता विचार करा, कुणी अर्गोची सवय घेऊन वोसच्या फाइलवर "फक्त १" असा फिल्टर लावला तर सगळा चांगला डेटा बाहेर. आणि ओडीव्हीच्या सवयीने अर्गोत "फक्त ०" ठेवलं तर न तपासलेला तेवढा आत. दोन्ही वेळा नकाशा निघतोच.

नियम साधा आहे, दोन वेगळ्या ठिकाणचा डेटा एकत्र करण्याआधी दोघांचेही फ्लॅग एकाच पद्धतीत आणा, आणि कुठली पद्धत ते फाइलच्या नावातच लिहा. अर्गोच्या सॅलिनिटीसाठी मी ॲडजस्टेड किमती, फ्लॅग १ आणि डिलेड मोड एवढंच ठेवतो. डिलेड मोड म्हणजे तज्ज्ञाने नंतर बसून तपासलेलं. काही फ्लोटांचा सॅलिनिटी सेन्सर काळानुसार सरकत जातो, रिअल टाइममध्ये ते पकडलं जाईलच असं नाही. अगदी ताजा मोसम हवा असेल तर रिअल टाइम घ्यावा लागतो, मग तसं नकाशाखाली लिहा.

> तपासा: फिल्टरच्या आधी किती ओळी, नंतर किती? वहीत लिहा. निम्म्याहून जास्त ओळी उडाल्या असतील तर डेटा वाईट असण्यापेक्षा तुम्ही चुकीचा फ्लॅग धरला असण्याची शक्यता जास्त.

## ५. आधी नुसते ठिपके

इंटरपोलेशनच्या आधी फक्त बिंदू काढा, प्रत्येक बिंदू त्याच्या किमतीच्या रंगात. वेबओडीव्हीत विंडोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिस्प्ले स्टाइलमध्ये साधे रंगीत ठिपके. या चित्रासमोर पाच मिनिटं नुसतं बसायचं, चहा घेऊन.

उत्तर अरबी समुद्रात ३६ च्या वर आणि उपसागराच्या उत्तर भागात ३३ च्या खाली असे ठिपके दिसायला हवेत. हिरव्या घोळक्यात एकटाच लाल ठिपका असेल तर त्या फ्लोटचा नंबर काढून त्याचं पूर्ण प्रोफाइल बघा. एकटा दिसला म्हणून लगेच उडवायचा नाही, समुद्रात खरे भोवरे असतात. प्रोफाइल वरपासून खालपर्यंत सगळंच सरकलेलं असेल तर सेन्सर, फक्त वरचा थर वेगळा असेल तर बहुतेक समुद्र.

आणि रिकाम्या जागा बघून ठेवा. बिंदू कुठे नाहीत याची एक कच्ची आकृती कागदावर काढा, सातव्या पायरीला तीच लागणार आहे.

## ६. दिवा: दोन आकडे, सगळा खेळ

फाइल अपलोड केली, चौकट दिली, ग्रिड (नकाशाच्या जाळीचा चौकोन किती मोठा) दिलं. आता टूल दोन गोष्टी विचारतं किंवा स्वतः अंदाजाने भरतं: कोरिलेशन लेन्थ, आणि सिग्नल टू नॉइज रेशो.

दिवा मुळात किनाऱ्याला भिंत मानतं. समुद्राचा भाग छोट्या त्रिकोणांत कापून फक्त पाण्यातच गणित करतं, त्यामुळे मालवणसमोरचं मोजमाप जमिनीवरून उडी मारून विशाखापट्टणमपर्यंत पोचत नाही, जायचंच असेल तर कन्याकुमारी आणि श्रीलंकेला वळसा घालून. आपल्या उदाहरणात कमी खारट पाणी प्रत्यक्षात त्याच वाटेने येतं, म्हणून हे टूल निवडलं. साधं अंतरावर आधारलेलं इंटरपोलेशन सरळ रेषेत अंतर मोजतं, त्याला पश्चिम घाट दिसत नाही.

कोरिलेशन लेन्थ म्हणजे एका मोजमापाचा शब्द किती लांबपर्यंत चालतो. ही अंशांत द्यायची असते, १ अंश म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण १११ किलोमीटर. फार लहान दिली तर प्रत्येक बिंदूभोवती गोल पुळी उठते आणि मधली जागा सरासरीच्या रंगाची राहते, नकाशाला गोवर आल्यासारखा दिसतो. फार मोठी दिली तर सगळ्यावर एकच चादर.

अर्गोची मूळ आखणी ३ बाय ३ अंशांत एक फ्लोट अशी आहे. एकाच मोसमाचा डेटा असेल तर ३ अंशांपासून सुरुवात करा, दहा वर्षांचे डिसेंबर-जानेवारी एकत्र केले असतील तर बिंदू दाट होतात, मग १.५ चालेल. टूलने काढलेला अंदाज बघायचा पण डोळे मिटून घ्यायचा नाही, बिंदू कमी असले की तो अंदाज भरकटतो. मी नेहमी तीन नकाशे काढतो: टूलचा आकडा, त्याचा निम्मा, त्याचा दुप्पट. तिन्हींत जे टिकतं त्यावर बोलायचं, एकाच नकाशात दिसणाऱ्या जिभा आणि वळणं सोडून द्यायची.

सिग्नल टू नॉइज. इथे हुशार मुलं जास्त चुकतात. त्यांचं म्हणणं असतं की अर्गोची सॅलिनिटी ०.०१ पर्यंत अचूक आहे, मग नॉइज जवळजवळ नाहीच, म्हणून रेशो १०० किंवा १००० टाकू. पण इथला नॉइज म्हणजे फक्त सेन्सरची चूक नाही. तुम्ही काढताय डिसेंबर-जानेवारीचा सरासरी नकाशा, आणि मोजमाप आहे एका दिवसाचं, एका ठिकाणचं, त्यात त्या आठवड्यातला भोवरा आहे, त्या वर्षीचा जास्त-कमी पाऊस आहे. सरासरीच्या दृष्टीने हे सगळं नॉइजच, आणि ते ०.०१ च्या कितीतरी पट असतं. रेशो १ म्हणजे सिग्नल आणि नॉइज समसमान. अनेक वर्षांच्या सरासरी नकाशासाठी १ च्या आसपास सुरू करा. १००० टाकलंत तर नकाशा प्रत्येक बिंदूतून जायलाच हवा म्हणून वाकडातिकडा होतो, आणि शेजारशेजारचे दोन बिंदू वेगळ्या वर्षांचे असले की त्यांच्यामध्ये एक खोटा फ्रंट, म्हणजे दोन वेगळ्या पाण्यांमधली ठळक सीमा, उभा राहतो.

ग्रिड बारीक केल्याने माहिती वाढत नाही. लेन्थ ३ अंश असताना ग्रिड ०.०५ अंश ठेवणं म्हणजे धूसर फोटो मोठ्या कागदावर छापणं. अर्धा अंश पुरे.

> इशारा: एक आकडा बदलला की नकाशा सेव्ह करून मगच दुसरा बदला. दोन्ही एकदम हलवले तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

## ७. एरर मास्क लावल्याशिवाय नकाशा बाहेर नाही

दिवा नकाशासोबत रिलेटिव्ह एररही देतं आणि एका मर्यादेच्या वरचा भाग झाकायची सोय देतं. बिंदूंच्या जवळ एरर शून्याकडे, बिंदूंपासून लांब १ कडे. सीडेटानेटच्या नकाशांत ०.३ आणि ०.५ अशा दोन मर्यादा वापरतात, मीही तेच करतो: ०.३ च्या आतलं ठामपणे, ०.३ ते ०.५ जपून, त्यापुढचं पांढरं.

पांढरा भाग लोकांना लाजिरवाणा वाटतो, गाइड विचारतील हे भोक का म्हणून. भोक आहे कारण तिथे कुणी मोजलं नाही. पाचव्या पायरीची कागदावरची आकृती काढा आणि जुळवा, मुंबईसमोरची उथळ पट्टी पांढरी यायलाच हवी. ती रंगीत आली तर तुमची लेन्थ मोठी आहे.

या एररबद्दल दोन गोष्टी नीट डोक्यात ठेवा. पहिली, तो फक्त बिंदू कुठे आहेत आणि तुम्ही कुठले आकडे टाकले यावर अवलंबून असतो, किमतींवर नाही. म्हणजे सेन्सर पार खोटं बोलत असला तरी त्याच्याभोवती एरर कमीच दिसणार. दुसरी, लेन्थ वाढवली की एरर आपोआप कमी दिसतो, समुद्रात काहीही न बदलता. पांढरी भोकं बुजवायची म्हणून लेन्थ वाढवणं ही सरळ सरळ चोरी आहे आणि तिन्ही नकाशे शेजारी ठेवले की ती पकडली जाते.

## ८. सेक्शन: वेबओडीव्हीत

आता ऑक्सिजन. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरमध्ये ऑक्सिजन फार कमी असलेला जाड थर आहे, आणि सेक्शनमध्ये लोक त्याची वाट लावतात. वेबओडीव्हीत ग्लोडॅपसारखे (जहाजांवरून घेतलेल्या मोजमापांचे) संच आधीच लोड केलेले मिळतात त्यामुळे अपलोडची कटकट नाही.

क्रम असा. आधी स्टेशन सिलेक्शनमध्ये चौकट आणि महिने. मग सॅम्पल सिलेक्शनमध्ये फ्लॅग. मग मॅनेज सेक्शनमधून नकाशावर क्लिक करत सेक्शनची रेष आखा आणि पट्ट्याची रुंदी द्या. ही रुंदी लोक बघतच नाहीत, ती ५०० किलोमीटर राहिली तर ओमानसमोरची स्टेशनं आणि मध्य समुद्रातली स्टेशनं एकाच रेषेवर येऊन बसतात. शक्यतो एकाच क्रूझची स्टेशनं घ्या.

युनिट बघा. जुना डेटा मिलिलिटर प्रति लिटरमध्ये, नवा मायक्रोमोल प्रति किलोमध्ये. १ मिलिलिटर प्रति लिटर म्हणजे ४४.६६ मायक्रोमोल प्रति लिटर, आणि समुद्राच्या पाण्याच्या घनतेने भागलं की प्रति किलो साधारण ४३.६. न बदलता एकत्र केलं तर पृष्ठभागावरचं ४.५ हे २०० च्या शेजारी बसतं आणि अख्ख्या पृष्ठभागावर ऑक्सिजन संपल्याचं चित्र येतं.

मग ग्रिडिंग. ओडीव्हीत क्विक, वेटेड ॲव्हरेज आणि दिवा असे पर्याय आहेत. क्विक फक्त चाळायला, पेपरात टाकायला नाही.

स्केल लेन्थ ओडीव्हीत किलोमीटरमध्ये नसते, अक्षाच्या पूर्ण लांबीच्या हजारातल्या भागात असते, आणि इथेच जवळजवळ प्रत्येकजण गंडतो. हिशोब करून दाखवतो. समजा सेक्शन ८ ते २० उत्तर, म्हणजे १२ अंश, १३३२ किलोमीटर. स्टेशनं ३० सागरी मैलांवर, म्हणजे साधारण ५५ किलोमीटर. ५५ भागिले १३३२ म्हणजे हजारात ४१. लेन्थ स्टेशनांच्या अंतराच्या दीड-दोन पट हवी, म्हणजे ६० ते ८० च्या दरम्यान. २० टाकलंत तर उभ्या पट्ट्या दिसतील, प्रत्येक स्टेशनखाली एक. उभ्या अक्षावर ० ते १५०० मीटर असतील तर ५० म्हणजे ७५ मीटर.

> इशारा: अक्ष बदलला की हा हिशोब बदलतो. वरचा थर बघायला ० ते ३०० मीटर केलंत तर तेच ५० आता १५ मीटर झालं. म्हणून झूम करून काढलेला सेक्शन मूळ सेक्शनपेक्षा वेगळा दिसतो, आणि मुलं त्या फरकावर निष्कर्ष लिहून मोकळी होतात.

घनता, एओयू (ऑक्सिजन किती वापरला गेला त्याचा अंदाज) वगैरे काढायचं असेल तर ते स्टेशनच्या मूळ किमतींवरून डिराइव्ड व्हेरिएबलने काढा आणि मग ते इंटरपोलेट करा. तापमान आणि सॅलिनिटी वेगवेगळे इंटरपोलेट करून त्या ग्रिडवरून घनता काढली तर मधूनच जड पाणी हलक्याच्या वर बसलेलं दिसतं.

इंटरपोलेशनने ऑक्सिजन शून्याच्या खाली गेला तर रंगपट्टा शून्यावर कापून ते लपवू नका. तिथे वरचा उतार फार तीव्र आहे आणि तुमची उभी लेन्थ किंवा रेशो त्याला झेपत नाहीये, तो बदला.

> तपासा: मूळ बिंदू सेक्शनवर काळ्या ठिपक्यांनी दाखवायचा पर्याय चालू ठेवा, आणि शेवटच्या चित्रातही ठेवा. बघणाऱ्याला कळू दे कुठलं मोजलंय आणि कुठलं भरलंय.

## ९. रंग, थोडक्यात

इंद्रधनुषी पट्टा टाळा. पिवळ्याच्या जागी डोळ्याला एक कड दिसते जी डेटात नसते, आणि रंगांधळ्या माणसाला निम्मं कळत नाही. फिकट ते गडद असा सरळ चढणारा पट्टा घ्या. दोन नकाशे तुलनेला ठेवायचे असतील तर पट्ट्याची दोन्ही टोकं हाताने सारखी करा, टूल प्रत्येक वेळी आपलं आपण बदलतं. भारताच्या दोन्ही बाजू एकाच नकाशात असतील तर ३० ते ३७, फक्त अरबी समुद्र असेल तर ३४ ते ३७, नाहीतर सगळं एकाच रंगात बुडतं.

## १०. लपवून बघा, मग लिहून ठेवा

शेवटची परीक्षा. डेटातल्या दर दहा प्रोफाइलांतलं एक बाजूला काढा, पण सगळीच एका कोपऱ्यातली नको आणि एकाच फ्लोटची अर्धी आत अर्धी बाहेर अशीही नको, फ्लोट काढायचा तर पूर्ण काढा. उरलेल्यांवर तेच आकडे टाकून नकाशा बनवा आणि बाजूला काढलेल्या जागी नकाशा काय म्हणतो ते खऱ्या मोजमापाशी ताडून बघा. फरकांचा वर्ग, सरासरी, वर्गमूळ, शीटमध्ये तीन कॉलमचं काम आहे. सहाव्या पायरीच्या तिन्ही नकाशांवर हे करा, ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो ठेवा. फरक सगळे एकाच बाजूचे येत असतील, म्हणजे नकाशा कायम जास्तच सांगतोय किंवा कायम कमीच, तर तिसऱ्या-चौथ्या पायरीवर परत जा, कारण ते इंटरपोलेशनचं दुखणं नाही.

मग वहीत किंवा नकाशासोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये: डेटा कुठून आणि कुठल्या तारखेला उतरवला, कुठले महिने, कुठली खोली, कुठले फ्लॅग कुठल्या पद्धतीचे, किती प्रोफाइल उरली, लेन्थ, रेशो, ग्रिड, एररची मर्यादा, रंगपट्ट्याची टोकं. अर्गोचे दर महिन्याचे स्नॅपशॉट डीओआयसकट (कायमच्या ओळख नंबरासकट) मिळतात, तो नंबर लिहिलात तर दोन वर्षांनीही तोच डेटा परत काढता येतो. एरडॅपची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा, सगळ्या अटी त्या लिंकमध्येच असतात. वेबओडीव्हीत व्ह्यू सेव्ह करा. नुसता पीएनजी ठेवून टॅब बंद केलात तर परीक्षकाने "लेन्थ किती घेतली होती" विचारल्यावर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू.